हिरव्या आभाळाखालची शर्यत

रविवारी दुपारी कालिंदीने कॉम्प्युटरवर गाड्यांच्या शर्यतीचा गेम लावला आणि किंचाळली, "अहो, रस्ता गेला!"

डिलाईल रोडवरच्या त्या खोलीत हा जुना कॉम्प्युटर लेकीने लग्न करून जाताना ठेवला होता. नवरा रामदास त्यावर पत्ते खेळायचा, कालिंदी गाडी पळवायची. आज मात्र गाडी अधांतरी धावत होती आणि झाडं मुळासकट लुकलुकत होती. नेमकी आजच माझगावची दमयंती यायची होती. संपात गिरणी बंद पडली, रामदास घरी बसला, तेव्हा तिनेच मासळी बाजारात आपल्या पाटीशेजारी कालिंदीला बसवलं होतं. मोतीबिंदूमुळे दमयंतीला हा गेम कधी धड दिसलाच नव्हता. आता डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं आणि "पयली शर्यत तुज्याशीच," असा निरोप आला होता.

रामदासने दादरच्या आपल्या मित्राला, कमलाकांतना बोलावलं. ऑफिसात कॉम्प्युटरवर काम करून ते निवृत्त झाले होते. त्यांनी स्क्रीन न्याहाळून निदान केलं, "वहिनी, ड्रायव्हर जुना झालाय. बदलावा लागेल."

"जुना? परवाच शर्यतीत पहिली आलेय मी!"

"तुम्ही नाही हो. स्क्रीनवर चित्र उमटवणारा प्रोग्रॅम असतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात."

त्यांनी नवा ड्रायव्हर घातला. रस्ता परत आला, पण आभाळ हिरवंगार झालं आणि एका गाडीच्या दोन दिसू लागल्या. ते जुना ड्रायव्हर शोधतायत तोच जिन्यात दमयंतीचा आवाज आला.

"कोणी काही बोलू नका," कालिंदी कुजबुजली. "एवढ्या हौसेने आलीय. सगळं ठीक आहे म्हणायचं."

दमयंती पेढे देऊन खुर्चीत बसली, पदर खोचला आणि स्क्रीनकडे पाहून थबकली.

"आभाल हिरवा कसा गो?"

"हिरवं? छे!" रामदास तत्परतेने म्हणाला. "निळंभोर आहे."

दमयंतीने एक डोळा मिटला. मग दुसरा. "गाड्या दोन हायत ना?"

"एकच," कमलाकांतही शब्दाला जागले.

दमयंतीचा चेहरा पडला. "गेला गो माजा डोला! डॉक्टरनी वाट लावली!" आणि तिने हंबरडाच फोडला.

कालिंदीने तिचा हात धरला. "अगं नाही गं! खरंच हिरवं आहे! गेम बिघडलाय, हे दोघं थापा मारतायत. मीच सांगितलं होतं त्यांना."

"माज्या मनाला बरा वाटावा म्हनून बोलतेस."

"शप्पथ! ड्रायव्हर बिघडलाय."

"त्यालापन मोतीबिंदू?"

कालिंदीने मैत्रिणीची खुर्ची गर्रकन आपल्याकडे फिरवली. "तो स्क्रीन सोड. इकडे बघ. काय दिसतं ते सांग."

दमयंतीने डोळे पुसले. आधी खोलीभर नजर फिरवली. "पंख्यावर धूल हाय. रामदासभावजींनी शर्टाची बटना वरखाली लावलीत." रामदासचा हात छातीकडे गेला. "आन् हे दादरवाले तिसरा पेढा खातायत."

कमलाकांतना ठसका लागला.

मग तिने कालिंदीकडे पाहिलं. अगदी जवळून, बराच वेळ. तिचं तोंड हळूहळू उघडलं.

"गो बाय," ती हळहळून म्हणाली, "तू येवरी म्हातारी कवा झालीस?"

कालिंदीलाच आधी हसू फुटलं. ती इतकी हसली की तिला भिंतीला टेकावं लागलं, आणि ऑपरेशन फत्ते झाल्याची खात्री पटून दमयंतीही रडतारडता हसू लागली.

"आणि तू गं?" कालिंदी धापा टाकत म्हणाली. "आरसा आणू?"

"आरसा नको," दमयंती घाईघाईने स्क्रीनकडे वळली. "गाडी चालू कर. दोन्ही माज्याच!"