पंधरा दिवसांचा आदर्श पिता

मूल झालं की माणसाची जबाबदारी वाढते, यावर शिरोली एमआयडीसीत कुणाचं दुमत नाही. वाढल्यावर त्या माणसाचं काय करायचं, हे मात्र माणूस बाप्या आहे की बाई, ते बघून ठरतं.

भैरवी आणि मोहित हे नवराबायको एकाच फाउंड्रीत, एकाच तपासणी विभागात. कास्टिंगमधली बारीक चीर नुसत्या नजरेनं ओळखायला मोहितला भैरवीनंच शिकवलं. दिवाळीत विभागप्रमुखाची खुर्ची रिकामी होणार आणि ती भैरवीला मिळणार, हे चहावाल्यालासुद्धा ठाऊक होतं. मधेच दोघांना मुलगी झाली. (दोघांना मिळून एकच. हे पुढे महत्त्वाचं आहे.)

भैरवीनं कायद्यानं मिळते ती सव्वीस आठवड्यांची रजा घेतली. मोहितनं कंपनीच्या नव्या, पुरोगामी धोरणानुसार पंधरा दिवसांची. तेवढ्यात त्यानं चार वेळा पोरीचा लंगोट बदलला, पैकी तीन वेळा फोटोसाठी. कंपनीच्या ग्रुपवर त्याला एकशे बेचाळीस अंगठे आले. भैरवीनं किती बदलले, याची नोंद उपलब्ध नाही.

ती कामावर परतली तेव्हा खुर्चीत मोहित बसला होता. मनुष्यबळ विभागाचे गणपतराव समतेचे पक्के. दोघांच्या मूल्यमापनात त्यांनी एकच शेरा लिहिला होता: 'घरात लहान मूल, जबाबदारी वाढली.' त्याखाली मोहितच्या कागदावर 'बढती', भैरवीच्या कागदावर 'हलके काम'.

"म्याडम, तुमच्या भल्यासाठीच केलंय की," गणपतराव म्हणाले. "पोरगी ल्हान हाय."

"मोहितचीपण तीच पोरगी आहे की!"

"व्हय की. म्हणून तर त्यांना बढती दिली."

घरी मोहित म्हणाला, "मी मागितली नव्हती गं खुर्ची." ते खरं होतं. परतही केली नव्हती.

भैरवीला रडू आलं नाही, संताप आला. पण हलकं काम लगेच सुरू झालं: वाढदिवसांची यादी, हारतुरे, सत्कार. पहिलाच सत्कार 'आदर्श पिता' मोहित यांचा. तयार फेटा तिनंच आणला. (डोक्याचं माप कुणाला विचारावं लागलं नाही.) मोहितनं भाषणात पत्नीच्या सहकार्याचे आभार मानले. टाळ्या वाजत असताना आणि नंतर मिळून एकोणीस जणांनी भैरवीला विचारलं, "पोरीला कुणाजवळ ठेवलंय?" मोहितला कुणी विचारलं नाही. त्याच्या गळ्यात हार होता.

आईबाप दोघंही इथं, मग पोरगी कुणाजवळ, ही काळजी वाचकांनाही लागली असेल. साहजिकच आहे. फक्त ती लागली तेव्हा उत्तरासाठी तुम्ही दोघांपैकी कुणाकडे बघितलंत, तेवढं आठवून ठेवा. गणपतरावांना निवृत्तीनंतर त्यांच्या जागी माणूस हवा आहे.