परडकरकाकांचा ग्रीक ठरेना

आमच्या बोरिवलीच्या सोसायटीत लिफ्टमध्ये परडकरकाका भेटले की 'कसा आहेस' वगैरे विचारत नाहीत. थेट विचारतात, "स्पार्टा घेव काय अथेन्स?"

पहिल्यांदा मला वाटलं, बाथरूमच्या टाइल्स असतील. मग कळलं, काका कॉम्प्युटरवर गेम खेळतात. प्राचीन काळचा नकाशा, त्यातलं एक राज्य आपण घ्यायचं आणि बाकीची जिंकायची. काकांनी ग्रीक घ्यायचं ठरवलं होतं. पण ग्रीकांचीही राज्यं अनेक, आणि गाडी तिथेच अडली होती.

काकांचं आयुष्य मुंबईत गेलं, जीभ मात्र मालवणातच राहिली. प्रत्येक राज्याबद्दल त्यांचं ठाम मत होतं.

"स्पार्टात सगळेच सैनिक. मीठ आणूक कोण जातलो?"

"मग अथेन्स घ्या."

"ते नुसती भाषणां करतत. आपल्या सोसायटीची मिटिंग काय कमी आसा?"

एपिरस नावाच्या राज्याकडे हत्ती होते. "पण ठेवतलंय खंय? पार्किंगची बोंब!" मॅसेडोनिया सगळेच घेतात म्हणून नको.

वॉचमनला विचारून झालं, केमिस्टला विचारून झालं. कोळणीने तर सुरमई कापता कापता सांगितलं, "काका, पापलेट घ्या, ग्रीक नको." एकदा मी वैतागून म्हणालो, "काका, कुठलाही घ्या ना यार!"

"कुठलोय कसो? राज्य आसा तां, टूथपेस्ट न्हय!"

एका रविवारी सकाळी त्यांचा कॉम्प्युटर अडकला म्हणून मला बोलावणं आलं. काकू खिडकीपाशी खुर्चीत बसल्या होत्या. अर्धांगाच्या झटक्यातून त्या उठल्या, चालायलाही लागल्या, पण बोलणं गेलं ते गेलंच. एके काळी त्या घरातला पडद्याचा रंगसुद्धा त्यांच्याशिवाय ठरत नसे. आता काहीही विचारलं की नुसती 'हो' म्हणून मान हलवत.

कॉम्प्युटर सुरू झाला. काकांनी स्क्रीन काकूंच्या बाजूला वळवली आणि लिफ्टमधल्याच आवाजात विचारलं, "शालू, खंयचो घेव?"

मान हलली.

"बरा तर, स्पार्टा. आणि आजच सगळ्यांशी लढाई!"

मी थक्क झालो. इतके दिवस घोळ घालणारा माणूस सर्वांत वाईट चाल खेळत होता. मला बाजूला घेऊन ते हळूच म्हणाले, "डॉक्टरीण म्हणाली, तिका निवडूक लावा. चहा काय कॉफी विचारलंय तर मान हलवता, माका त्रास नको म्हणान. पण मी चुकलंय तर तिका रवत नाय. लग्नापासून रवत नाय. म्हणान तुमची सगळ्यांची मतां रोज येवन तिका सांगतंय."

म्हणजे गावभर विचारून ते सगळ्यांची मतं गोळा करत होते, ती घरी येऊन काकूंना ऐकवण्यासाठी. एखाद्या मतावर तरी त्या चिडतील, या आशेवर.

काकांनी पुन्हा माउस धरला. स्पार्टावर बाण नेला. काकूंच्या कपाळावर आठी आली. ओठ हलले, थांबले, परत हलले.

"न... नको."

काकांचा हात तिथेच थांबला. "नको? मगे खंयचो?"

काकूंचं बोट हळूहळू स्क्रीनवर आलं आणि समुद्रातल्या एका बेटावर टेकलं. ऱ्होड्स. काकांनी त्याचं नाव कधी काढलंच नव्हतं.

"दर्या," काकू म्हणाल्या.

"चहा करतंय," म्हणत काका घाईघाईने स्वयंपाकघरात गेले. नळ बराच वेळ चालू होता. बाहेर आले तेव्हा चेहरा ओला होता आणि चहा मात्र केलेलाच नव्हता.

परवा ते लिफ्टमध्ये भेटले, तर चक्क गप्प. मला चुकल्याचुकल्यासारखं झालं. शेवटी मीच विचारलं, "काका, ऱ्होड्सची लढाई कधी?"

"माका काय विचारतंस?" काका ऐटीत म्हणाले. "ती सांगात तेव्हा. आता बोलता ती."