अवैध म्हणायचं नाही

सुधाकरभाऊंच्या ॲपमध्ये पासवर्ड चुकला तर ॲप म्हणतं, 'राहू द्या, होते असं. दमानं टाका.' पान उघडायला वेळ लागला तर, 'आणून राहिलो ना बाप्पा.' आणि सर्व्हरच बसला तर, 'गडबड आमच्याच घरी आहे. तुमी च्या पिऊन या.'

अचलपूरकडच्या भाजीवाल्यांनी सकाळी माल टाकायचा, अमरावतीच्या खानावळींनी तो मागवायचा, एवढंच हे ॲप. भाऊंनी आणि मी मिळून बनवलं. पिठाच्या गिरणीवरची एक खोली हे आमचं ऑफिस. आम्ही दोघंही आपापल्या घरातले पहिले पदवीधर. कोणी विचारलं नाही तरी आम्ही हे सांगतो.

ॲपचं मागचं काम आम्ही तयार घेतलं. लॉगिन, माहितीची साठवण, भाजीचे फोटो, सगळं एका सेवेकडे. महिन्याचं भाडं भरायचं आणि तिच्या एपीआयला हाक मारायची, की लागेल ती माहिती हजर. दिसणारी पानं तेवढी आमची. कॉलेजातला एक मित्र म्हणाला, "म्हणजे बॅकएंड तुमचं नाहीच."

"वावरातली मोटर माही आहे," भाऊ म्हणाले. "वीज मी घरी बनवत नाई. मंग मोटर काय चोरीची झाली?"

पण हाच माणूस त्या सेवेचे तयार संदेश मात्र वापरेना. मराठीतही होते ते. 'अवैध क्रमांक', 'अवैध प्रविष्टी'. भाऊ एकेक खोडून आपल्या शब्दांत लिहीत बसायचे. एका वाक्यापायी अख्खी दुपार जायची.

"भाऊ, लोकायले भेंडी विकाची आहे," मी चिडायचो.

"विकू ना. दटावून कायले विकाची?"

मग पुण्याच्या एका कंपनीला ॲप आवडलं. ते विकत घेणार, वर आम्हा दोघांना नोकरी देणार. मी तर घरी सांगूनही मोकळा झालो होतो. कंपनीचे साहेब आमच्या खोलीत आले, बसले, त्यांनी आपला मोबाईल नंबर टाकला. एक आकडा राहिला. ॲप म्हणालं, 'एक आकडा कमी पडून राहिला. घाई नाई.'

साहेब हसले. "गंमत छान आहे. पण हे जरा प्रमाण भाषेत करून घ्या."

मला वाटलं, आता भाऊ पेटणार. ते शांतपणे म्हणाले, "करतो. वऱ्हाडी काढतो, तुमच्यासारखं लिहितो. फक्त 'अवैध' लिहिणार नाही."

"अहो, सगळीकडे तोच शब्द असतो. स्टँडर्ड आहे."

"मंग तुमचं तुमी बनवा."

साहेब अर्धा चहा टाकून उठले. त्यांची गाडी निघाली तसा मी भाऊंवर तुटून पडलो. "एका शब्दापायी? बयताड झाले का तुमी?"

भाऊंनी लॅपटॉप मिटला. त्यांची माय मी कधी पाहिली नव्हती. आमची ओळख झाली तेव्हा ती गेलेली होती. तिच्याबद्दल ते पहिल्यांदाच बोलले.

"माही माय वांगे तोडे. काट्यायनं आंगठे पार झिजले होते तिचे. रेशनच्या दुकानात मशीनवर आंगठा लावला, तं लाल अक्षरात आलं, अवैध. दुकानदारानं मोठ्यानं वाचलं. मायनं तो शब्द फक्त दारूसंगं आयकेल. म्हणे, 'काहून रे, म्या का दारू गाळली?' लाइनीतले सारे हासले. माय बी हासली."

"मग?"

"मंग काई नाई. घरी येतपर्यंत आंगठा पदराले पुसून राहिली होती."

तेवढ्यात माझा फोन वाजला. साहेबच होते, गाडीतून. म्हणाले, "तुम्ही समजूतदार दिसता. तुमच्या मित्राला जरा समजवा. एका शब्दाचा तर प्रश्न आहे."

"साहेब," मी म्हणालो, "तो शब्द आमच्याकडे चालत नाही."