उजेडाची सोय

छबूबाईंची मालिका ऐन रंगात आली असताना रिमोटचे सेल संपले, म्हणून अर्जुनरावांनी सुनेच्या कॅल्क्युलेटरमधले काढून रिमोटला घातले. तिथंच थांबले असते तर काही बिघडलं नसतं. पण कंपनीत उभा जन्म इलेक्ट्रिकल मेंटेनन्सला काढलेला माणूस. सेलची भानगडच नको, कॅल्क्युलेटर थेट लाइटवर चालवू, म्हणून त्यांनी माळ्यावरून जुन्या रेडिओचा अ‍ॅडॉप्टर काढला, वायरी जोडल्या आणि बोर्डाचं बटण दाबलं. पडद्यावर ओळीनं सगळे आठ उमटले. मग बारीकसा धूर आला.

"अहो, काय जळतंय?" छबूबाईंनी टीव्हीवरची नजर न हलवता विचारलं.

"शेजारच्यांचं दूध असंल."

पंचाईत अशी, की दुसऱ्या दिवशी सुनेचा, म्हणजे स्वप्नालीचा, डिप्लोमाचा शेवटचा पेपर होता. चाकणच्या कंपनीत लाइनवर उभं राहून ती शिकत होती. पास झाली की क्वालिटीत जागा मिळणार होती. अर्जुनरावांनी चपला अडकवल्या, कोपऱ्यावरचं दुकान गाठलं आणि सोलर कॅल्क्युलेटर घेऊन आले.

"मामा, माझा कुठंय?" सकाळी स्वप्नालीनं सासऱ्यांना विचारलं.

"त्याला सारखी सेलची कटकट. हा घे, सोलर. नुसत्या उजेडावर चालतो."

ती गेली आणि नेमकं आभाळ भरून आलं. अर्जुनराव ताटावरून अर्ध्यातच उठले. अंधारात पोरगी आकडेमोड कशी करणार? त्यांनी स्कूटर काढली आणि चिखलीहून थेट कॉलेज गाठलं.

तोवर ऊन पडलं होतं, पण तळमजल्यावरची स्वप्नालीची खिडकी सावलीत. कुंपणाबाहेरून त्यांना दिसलं, सून कॅल्क्युलेटर डोळ्यांजवळ नेऊन बघतेय. झालं! त्यांनी स्कूटरचा आरसा पिळून काढला आणि ऊन बरोबर तिच्या बाकावर पाडलं. ती डावीकडे वळली, ऊन डावीकडे गेलं. तिनं कपाळाला आठ्या घातल्या. 'अजून कमी पडतोय वाटतं,' म्हणत अर्जुनराव एका दगडावर चढले.

तेवढ्यात परीक्षेवरचे सर तरातरा बाहेर आले.

"आजोबा, कॉपी पुरवताय?"

"छ्या! उजेड पुरवतोय. सुनेचा कॅल्क्युलेटर सोलर आहे, बंद पडला तर?"

सरांनी कपाळावर हात मारला. "आत्ताच बघितला मी तो. त्यावरची काळी पट्टी म्हणजे नुसतं स्टिकर आहे, आजोबा! आत बटणाएवढा सेल आहे. अंधारातही चालेल."

"मग ती आठ्या का घालतीय?"

"डोळ्यात तुमचा आरसा जातोय म्हणून!"

अर्जुनराव दगडावरून उतरले. आरसा परत बसवायला गेले, तर त्याचा नट गवतात कुठं पडला तो सापडेना. शेवटी आरसा त्यांनी डिकीत टाकला आणि निमूटपणे गेटवर जाऊन उभे राहिले.

पेपर सुटला. स्वप्नाली हसतच बाहेर आली. "सोपा गेला, मामा. बाहेरून कुणीतरी येडं आरसा मारत होतं, म्हणून सरांनी मला उठवून पंख्याखाली बसवलं. लई बरं झालं."

"असतात एकेक," अर्जुनराव पुटपुटले आणि त्यांनी घाईघाईनं स्कूटर सुरू केली.

ती मागं बसली. हमरस्त्याला लागल्यावर हळूच म्हणाली, "मामा, मागून कंटेनर येतोय. डावीकडं घ्या." आणि थोड्या वेळानं, "गेला. आता चला बिनघोर."

घर येईपर्यंत ती मागच्या गाड्या अशीच सांगत राहिली. आरसा कुठं गेला, हे मात्र तिनं एकदाही विचारलं नाही.