बंपरचा पोचा

"आज संध्याकाळपर्यंत गाडी विकली नाही तर मिशा उतरवीन!" अण्णांनी सकाळीच जाहीर केलं. घरात त्यांच्या मिशांशी कुणालाच घेणंदेणं नव्हतं, पण गाडी जायलाच हवी होती. उद्या घर बदलायचं होतं आणि नव्या जागेत सायकल ठेवायलाही कोपरा नव्हता.

स्टेशन वॅगन चौदा वर्षांची. मागे अख्खा संसार मावेल एवढी जागा. अण्णांचा धंदा घड्याळदुरुस्तीचा, त्यामुळे गाडीही त्यांनी भिंग लावूनच सांभाळलेली. सीटवरचं प्लास्टिक अजून तसंच! गाडीत खायचं नाही, चपला घालून चढायचं नाही, काचेला नाक लावायचं नाही! गालबोट एकच, मागच्या बंपरला पडलेला पोचा. तो शेजारच्या दातांच्या डॉक्टरांच्या गाडीने पाडला, असं अण्णा ठणकावून सांगत. त्यावरून दोन्ही घरांत नऊ वर्षं बोलणं बंद होतं.

अकरा वाजता ड्रायव्हिंग शिकवणाऱ्या बाई गाडी बघायला आल्या. त्यांनी दारं उघडली, डिकीत डोकं घातलं, सीटखाली हात फिरवला आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"चौदा वर्षं घरात गाडी आणि बिस्किटाचा एक कण नाही? अपघातातली गाडी घासूनपुसून विकताय तुम्ही!"

"अपघात?" अण्णांचं टाळकं सरकलं. "अहो, मी हिच्यावर कधी धूळ बसू दिली नाही!"

"तेच म्हणतेय मी. येते."

उद्याचा सामानाचा ट्रक अण्णांच्या बायकोच्या डोळ्यांसमोर उभा राहिला. "थांबा बाई! ते प्लास्टिक उचला."

प्लास्टिकखाली भलामोठा तपकिरी डाग होता!

"हे थोरल्याचं चॉकलेट, शिवणीतून खाली झिरपलेलं. त्याच्या पलीकडे धाकटी ओकली होती."

"छतावर दिव्याच्या मागे मी काढलेला हत्ती पण आहे," धाकटी म्हणाली.

"माझ्या गाडीत हत्ती?" अण्णा किंचाळले. "आणि तुम्ही खायचात कधी?"

"तुम्ही दर प्रवासात चारही टायरची हवा तपासायला उतरायचात ना," बायको शांतपणे म्हणाली, "तेवढ्यात आमचं जेवण उरकायचं."

"चौदा वर्षं?"

"तुम्ही स्टेपनीचीही हवा बघायचात, म्हणून गोडाधोडालाही वेळ मिळायचा."

अण्णा रागाने लालबुंद झाले. बाई मात्र खूश! "ही खरी घरची गाडी. घेतली! आता एवढंच सांगा, हा पोचा कसला?"

"तो? तो त्या दात उपटणाऱ्याचा!" भिंतीपलीकडे ऐकू जावं म्हणून अण्णा मुद्दाम ओरडले.

बाई गुडघ्यावर बसल्या. पोच्यात नख घालून त्यांनी थोडा रंग खरवडला. "हा तर हिरवा आहे. त्यांची गाडी कुठल्या रंगाची?"

डॉक्टरांची पांढरी गाडी समोरच उभी होती. अण्णांच्या घराचं गेट मात्र हिरवं होतं. सगळ्यांनी आधी गेटकडे पाहिलं, मग अण्णांकडे.

"खरं काय ते सांगा," बाई म्हणाल्या. "रस्त्यात कुणाला ठोकून आलेली गाडी मी शिकणाऱ्यांच्या हाती देणार नाही."

अण्णांना बायकोची, मुलांची, डॉक्टरांची, सगळ्या जगाची चीड आली होती, पण त्या चिडीने गाडी विकली जाणार नव्हती.

"मीच," ते पुटपुटले. "गाडी मागे घेताना. गेटला."

"म्हणजे तिने नाही ठोकली?" भिंतीवरून डॉक्टरांचं डोकं वर आलं.

"कोणी?"

"माझ्या बायकोने! तुम्ही त्या दिवशी एवढे तडतडलात की मला ते खरंच वाटलं. नऊ वर्षं मी तिच्या हातात किल्ली दिली नाही हो!"

डॉक्टरांच्या मागे दार उघडलं. त्यांची बायको बाहेर आली आणि तिने हात पुढे केला. डॉक्टरांनी मुकाट्याने किल्ली दिली. तिने पांढरी गाडी चालू केली, काच खाली घेतली आणि नऊ वर्षांत पहिल्यांदा अण्णांशी बोलली.

"अण्णा, गेट उघडून ठेवा. नऊ वर्षांनी गाडी चालवतेय, आणि आधी तुमच्याकडेच येतेय!"

अण्णांनी गेट सताड उघडलं. गाडी विकली गेली, आपल्या मिशा तेवढ्या वाचल्या, असं त्यांनी बायकोला हळूच सांगून पाहिलं, पण तिने तिकडे बघितलंही नाही.