सोपान कितव्या पानावर मोठा होतो

माझा मावसभाऊ सोपान सव्वीस वर्षांचा आहे. एवढ्या वयात तो एकदा फौजदार झाला, एकदा आमदार झाला, एकदा दुबईला जाऊन बिघडला, आणि एकदा ऐन चाळिशीत त्याच्या छातीत गोळी लागली. हे मी नाही सांगत, तोच सांगतो. बशीत चहा ओतता ओतता म्हणतो, "त्या टायमाला मी आमदार हुतो, पन बायकोशी पटत नव्हतं." त्याचं लग्न झालेलं नाही.

नवख्या माणसाला वाटतं, पोरगं कामातून गेलं. तसं काही नाही. सोपान सिनेमात हिरोचं लहानपण करतो. पुढे हिरोचं जे काही होतं, ते तो आपलंच धरून चालतो.

सहा वर्षांचा होता तेव्हा शिंगणापुरात शूटिंगवाले आले होते. मावशीचं देवळाच्या वाटेवर तेलाचं आणि रुईच्या माळांचं दुकान. सोपान तिथे बसून गिऱ्हाइकांना हाका मारत होता. त्याचा आवाज ऐकून डायरेक्टर गाडीतून उतरला आणि याला घेऊन गेला. हरवलेली बकरी शोधणाऱ्या पोराचा सिनेमा होता. तो असा चालला, की लोक शनीचं दर्शन घेऊन मावशीच्या दुकानात सोपानचंही घेऊन जायचे. मावशीने तो सात वेळा पाहिला, पहिल्या पाटीपासून शेवटच्या पाटीपर्यंत.

मग सोपान बारा वर्षांचा झाला, आवाज फाटला, मिसरूड आलं. आता त्याला कोणी आख्खा सिनेमा देईना, वीस मिनिटं द्यायचे. त्या वीस मिनिटांत तो मार खायचा, वर्गात पहिला यायचा, नाहीतर बापाच्या चितेसमोर शपथ घ्यायचा. मग पळायला लागायचा. कॅमेरा त्याच्या पायांवर जायचा, पळता पळता पाय मोठे व्हायचे, आणि कॅमेरा वर आला की वर दुसराच माणूस. गोरा, दंड फुगवलेला.

त्या क्षणाला मावशी मांडीवरची पिशवी उचलायची. "चल. आपला गेला."

"अगं मावशे, पिक्चर राहिलाय की अजून."

"राहू दी. दुसऱ्याच्या पोराला काय बघायचं?"

मी तिच्याबरोबर बाहेर यायची. आम्ही दोघी उसाचा रस प्यायचो आणि थेटराच्या पायरीवर बसायचो. सोपान मात्र आतच. एकदा त्याला विचारलं, तू कशाला बसतोस रे? म्हणाला, "माझं पुढं काय झालं ते बघाया नको?"

आणि त्याच दिवशी नगरच्या स्टँडवर, मावशी पाण्याची बाटली आणायला गेली तेव्हा, तो मला म्हणाला, "तायडे, एक पिक्चर असा करनार हाय, की आई मधनं उठनार न्हाई." त्यानंतर त्याने दुसरं काही मनात धरलं नाही. लोक सांगत होते, मोबाईलचं दुकान टाक, पोलीस भरती दे. तो ऐकून घ्यायचा आणि पुढच्या ऑडिशनला जायचा.

आमच्या दोन्ही घरांत कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. बी.ए., मराठी, सेकंड क्लास. सांगायला लाज नाही, कारण बापाने साखर कारखान्यात उसाच्या मोळ्या उचलून ते करवलं आहे. त्यामुळे सोपानकडे येणारा प्रत्येक कागद देवळाली प्रवरेला माझ्याकडे येतो. मी कथा वाचायची आणि त्याने एकच विचारायचं: "कितव्या पानावर मोठा होतो?"

"चौदाव्या."

"बरं." आणि सही.

एकोणिसाव्या वर्षी मात्र नशीब उघडलं. कथेत पोरगा कॉलेजातच होता आणि शेवटपर्यंत कॉलेजातच राहणार होता. म्हणजे मोठं व्हायचा प्रश्न नाही. पहिल्याच दिवशी बापाशी भांडून, दार आपटून घराबाहेर जायचं होतं. आता शिंगणापुरात घराला चौकट असते, पडदा असतो, दार नसतं. एकोणीस वर्षांत या माणसाने रागाने पडदाच सारला होता. त्याने दार आपटलं, जोरात आपटलं, आणि स्वतः आतच राहिला.

दुसऱ्यांदा बाहेर गेला, पण दार उघडंच. तिसऱ्यांदा बोट चेमटलं. अकरा वेळा झालं. बाप झालेला नट शेवटी म्हणाला, "बाळा, जाऊ नकोस, मी माफ केलं तुला." सगळे हसले. संध्याकाळी दुसरा मुलगा आला, आणि सोपानला त्याच्या शाळेतले दिवस दिले. नऊ मिनिटं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पिशवी घेऊन सोपान आमच्या घरात उभा. दार वाजवून नव्हे, सरळ चुलीपर्यंत आलेला.

"तायडे, मला दार शिकीव."

आठ दिवस राहिला. रागाचं दार, रुसव्याचं दार, सासऱ्याच्या घरचं दार, कोणी झोपलंय तेव्हाचं दार. बिजागरी दोनदा निसटली. माझे वडील, दादा, म्हणाले, "ह्यो जाईस्तवर मी वट्ट्यावरच ऱ्हातो." शेजारच्या शकीलाभाभी डोकावून गेल्या. "क्या हुआ गं, रोज कोन रुसून जातंय तुमच्याकडनं?" मी म्हटलं, रियाज चाललाय. त्या बराच वेळ पेटी-तबला शोधत राहिल्या.

नंतरची सहा वर्षं पुन्हा लहानपणंच मिळाली. दाढी करून करून गाल खरबरीत झाले तरी तो हिरोचं बारावीचं वर्ष करत होता. पण जिथे जाईल तिथे दार बघून यायचा. मग पारनेरकडे एका जुन्या बंगल्यात शूटिंग असल्याचं कळलं. म्हाताऱ्या वकिलाची गोष्ट, आणि घरात एक गडी. डायरेक्टरने विचारलं, काय येतं? सोपान म्हणाला, "दार." करून दाखवलं. पाहुण्याला एक उघडलं, वसुलीवाल्याला वेगळं, आणि वकिलाच्या रुसून गेलेल्या मुलीला आणखी वेगळं.

कागद माझ्याकडे आले. त्याने खाटेच्या कडेवर बसून विचारलं, "कितव्या पानावर?"

मी शेवटपर्यंत चाळलं. "तू होतच नाहीस रे मोठा. मोठाच आहेस. पहिल्या पानावर आहेस आणि शेवटच्याही."

"नीट बघ."

मी पुन्हा चाळलं. त्याला अकरा वाक्यं होती, त्यातली नऊ "बसा, साहेब येतायत" अशी. मी तसं सांगितलंही. तो म्हणाला, "वाक्यांचं न्हाई गं. हाय ना मी शेवटपत्तुर?"

मागच्या महिन्यात नगरला दुपारचा खेळ पाहिला. थेटरात वीसेक माणसं. मावशी आमच्या दोघांच्या मधे. सोपानने पडद्यावर पहिलं दार उघडलं, "बसा, साहेब येतायत" म्हणाला. वीस मिनिटं झाली आणि सवयीने मावशीने पिशवी उचलली, चपला पायात घातल्या, उठली.

सोपानने तिच्या पदराला धरलं. "आई, बस. मी हाय अजून."

ती बसली, पण अर्धीच, पिशवी हातात घेऊन. पुढचं दार उघडलं, सोपान. त्यापुढचं, सोपान. मध्यंतरात ती बाहेर आली नाही, म्हणाली, तेवढ्यात बदलतील. नंतर कधीतरी पिशवी खाली ठेवलेली मी पाहिली. शेवटी वकील गेला, मुलगी सामान घेऊन गेली, आणि रिकाम्या बंगल्यात एकटा सोपान खिडक्या लावत फिरला. सगळ्यात शेवटी बाहेर आला आणि कोणीतरी आत निजलं असावं अशा हाताने त्याने दार ओढून घेतलं. त्यावर शेवटची पाटी.

दिवे लागले. माणसं गेली. मावशी पडद्याकडेच बघत होती, तिथे काही नव्हतं तरी. मग तिने मान वळवली आणि शेजारी बसलेल्या पोराकडे, त्याच्या कानाजवळ पांढऱ्या झालेल्या दोन केसांकडे, बराच वेळ पाहिलं.

"एवढा मोठा कवा झालास रं तू?"

सोपान पायाने तिची पिशवी जवळ ओढत होता. तो खालीच बघून म्हणाला, "हळूहळू झालो, आई. तू भायेर हुतीस."