पनागिसचा नावाचा दिवस

ज्या वर्षी एवांथियाच्या लेकीचे लग्न झाले, त्या वर्षीच्या उन्हाळ्यात ती आणि तिचा नवरा पनागिस जहाजाने इटलीला निघाले. लग्नाला तिची थोरली बहीण देस्पिना आली नव्हती. देस्पिना तरुणपणीच एका इटालियन गवंड्याशी लग्न करून बोलोन्याला गेली होती आणि आता विधवा होती. आईच्या दुखवट्याच्या जेवणाला ती ग्रीसला, पात्रा शहरात आली, तेव्हा एवांथियाने तिला स्वयंपाकघरात पाऊल टाकू दिले नव्हते. "तू पाहुणी. तू नुसती बस," असे चारचौघांत म्हणाली होती. त्यानंतर दोघींचे बोलणे बंद झाले ते बंदच. लग्न उरकल्यावर मात्र बोलोन्याहून फोन आला.

"गुडघे गेलेत माझे. तूच ये एकदा, मरायच्या आत."

"कोण मरायच्या आत?" पनागिसने विचारले.

"ते नाही सांगितलं. ठेवलाच फोन."

एवांथियाने बदाम सोलले, कुटले, गुलाबपाणी घालून गोळे वळले आणि पिठीसाखरेत घोळवले. आई करायची तसेच. पत्र्याचा मोठा डबा काठोकाठ भरला. माफी मागणे तिला जन्मात जमले नव्हते. तेव्हा जे काही बोलायचे ते डब्यानेच बोलावे, असा तिचा बेत होता.

ऑगस्टात जहाजाची तिकिटे मिळणे कठीण. मिळाली ती चौदा तारखेची, उघड्या डेकवरची. धक्क्यावरच तिने नवऱ्याला बजावले, "उद्या पंधरा तारीख. कुणी नाव विचारलं, तर स्पिरोस म्हणून सांग."

पंधरा ऑगस्ट हा देवाच्या आईचा, मारियेचा सण. तिच्या नावावरून ज्याचे नाव ठेवलेले, त्याचा तो नावाचा दिवस, म्हणजे पनागिसचाही. आणि आमच्याकडे ज्याचा दिवस असतो, त्यानेच भेटेल त्याचे तोंड गोड करायचे असते.

"आणि देवाच्या आईला काय सांगू?"

"तिला मी बघून घेईन. डबा उघडायचा नाही म्हणजे नाही."

सकाळी उन्हे वर आली, तसे डेकवरचे लोक गोधड्या गुंडाळून एकमेकांची चौकशी करू लागले. शेजारी अर्गिरिस नावाचा धिप्पाड ट्रकवाला होता, पलीकडे यानिना गावची एक म्हातारी.

"नाव काय म्हणालात, काका?" अर्गिरिसने विचारले.

"स्पिरोस," पनागिस समुद्राकडे बघत म्हणाला. मग चेहरा लपवायला कठड्यापाशी गेला. पाण्यात डॉल्फिन उड्या मारत होते. ते बघायला तो कमरेपर्यंत बाहेर वाकला, आणि एवांथिया ओरडली.

"पनागिस! अरे पडशील, पनागिस!"

सगळे डेक वळून बघू लागले.

"पनागिस?" म्हातारी म्हणाली. "अरे लबाडा! सणाच्या दिवशी स्वतःचं नाव चोरतोस? ये इकडे. खूप वर्षं जग!"

अर्गिरिसने त्याला छातीशी आवळले. "खूप वर्षं जगा, काका!" आणि दोघेही जागचे हलेनात. खूप वर्षे जग म्हणणाऱ्याला कोरड्या तोंडाने कसे घालवायचे? पनागिसने बायकोकडे पाहिले. तिने डोळे मिटले आणि डब्याचे झाकण उघडले.

"एकेकच हं," ती पुटपुटली.

म्हातारीने गोळा तोंडात टाकला आणि तिचेही डोळे मिटले. "बाई गं! गुलाबपाणी कसं बेताचं पडलंय! माझ्या सुनेला जन्मात जमायचं नाही हे."

कौतुक झाले की एवांथियाचा हात तिच्या ताब्यात राहत नसे. "आणखी एक घ्या ना," ती म्हणाली.

मग डेकवरच्या दोन मारिया आल्या. त्यांचाही तोच दिवस, म्हणून त्यांनी बिस्किटे दिली. घेतले तर द्यायला हवे. अर्गिरिसला वाटले आपण काकांचे भले करावे. तो खाली उपाहारगृहात गेला आणि झाडून साऱ्या ट्रकवाल्यांना सांगून आला की वर घरचे बदामाचे गोळे आहेत. जिन्यात रांग लागली. ती हटवायला जहाजावरचा एक अधिकारी ओरडतच आला.

"काय तमाशा आहे हा? कोण वाटतंय?"

"पनागिस!" रांग ओरडली.

अधिकाऱ्याचा चेहरा पडला. "मीही पनागिसच आहे," तो हळूच म्हणाला. त्याने सकाळपासून ते कुणाला कळू दिले नव्हते. आता त्याला सगळ्यांना कॉफी पाजावी लागली आणि आपल्याच नावाच्या माणसाला रिकामे कसे पाठवायचे, म्हणून पनागिसने तळाशी राहिलेले शेवटचे गोळे त्याच्या हातावर ठेवले.

इटलीतल्या आंकोना बंदरात उतरून दोघे बोलोन्याच्या आगगाडीत बसले. मग एवांथिया बोलू लागली ती थांबेना.

"डॉल्फिन बघायचे होते! सत्तरी आली तरी डॉल्फिन!"

"नाव घेऊन कोण ओरडलं?" पनागिसने विचारले.

'आणखी एक घ्या, आणखी एक घ्या' हे कोण करत होते, ते मात्र त्याने विचारले नाही. फक्त खिडकीबाहेर बघत राहिला. ते तिला जास्त लागले.

"इतक्या वर्षांनी बहिणीच्या दारात रिकाम्या हातानं जायचं," ती म्हणाली. "तिला वाटेल, मुद्दाम आले अशी."

"बोलोन्यात विकत घेऊ. सणाचा दिवस आहे. मिठाईवाल्यांकडे मुंगीला शिरायला जागा नसेल."

आमच्याकडे नसतेच. पण इटलीत त्या दिवशी सारे शहर कुलपे लावून समुद्रावर जाते. दोघे कमानींखालून या टोकापासून त्या टोकापर्यंत हिंडले. उघडे होते ते एकच औषधाचे दुकान. पनागिस आत गेला आणि खोकल्याच्या मधाच्या गोळ्यांची पुडी घेऊन आला.

"हे काय?"

"गोडच आहेत."

एवांथियाने ती पुडी काढून घेतली आणि कचऱ्याच्या पेटीत टाकली.

देस्पिनाचे घर तिसऱ्या मजल्यावर होते. दार उघडले तेव्हा तिने ठेवणीतला निळा झगा घातला होता. मागे टेबलावर पांढरी चादर, तबकात केकच्या फोडी आणि उपडे घातलेले सहा-सात पेले होते. या दोघांना बघून तिचा हात दारावरच राहिला.

"आठवण ठेवलीस तू," ती म्हणाली. "माझ्या नावाच्या दिवसाची आठवण ठेवलीस!"

देस्पिना हेही देवाच्या आईचेच नाव. नवऱ्याचा दिवस लपवायच्या नादात बहिणीचाही हाच दिवस आहे, हे एवांथियाच्या डोक्यातून पार गेले होते. तिने खरे सांगायला तोंड उघडले. पनागिसने तिच्या पायावर पाय दिला.

"दोन आठवडे दुसरं काही बोलणंच नाही हिचं," तो म्हणाला.

"दरवर्षी मांडते मी हे," देस्पिना म्हणाली. "इथं कुणाला ठाऊकच नाही असा दिवस असतो म्हणून. संध्याकाळी परत आवरून ठेवते. या, बसा."

"देस्पिना, मी काही आणलं नाही गं..."

"बरं केलंस! जन्मभर तूच देत आलीस. आज माझा दिवस आहे. तू नुसती बस."

एवांथिया बसली. केक दगडासारखा झाला होता आणि त्यात साखर कमी होती. पनागिसने पहिल्या घासालाच पाण्याकडे हात नेला आणि बायकोकडे बघितले. दुसऱ्याच्या हातचे खाऊन काही न बोलणे तिला कधी जमले नव्हते.

"आणखी एक दे," एवांथिया म्हणाली.

त्या दोघी अंधार पडेपर्यंत बसल्या. तो दिवस आपण विसरलो होतो, हे एवांथियाने बहिणीला कधीच सांगितले नाही. देस्पिना त्याच वर्षी डिसेंबरात, बोलोन्यात वारली.